आधी कुणाला सांगायचं ते ठरव

अगं, तुझा मेसेज वाचला. 'ताई, डेटा झाला, विश्लेषण झालं, आता हे नेमकं कुठं देऊ?' आणि खाली ओळीनं जर्नलांच्या लिंका. त्यातल्या दोन तर मी उघडल्या उघडल्या बंद केल्या, का ते सांगतेच. पण आधी जरा टेक. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कोपीत बसून त्या काय खातात, किती वाजता उठतात, रक्तवाढीच्या सरकारी गोळ्या मिळतात का, हे सगळं तू लिहून घेतलंस, त्यांचं हिमोग्लोबिन तपासलंस. अवघड काम ते होतं, आणि ते झालेलं आहे. आता उरलंय ते किचकट आहे, भीतीदायक नाही.

खरं सांगू का, तुझ्या प्रश्नात 'कुठं' पुढे आलंय आणि 'कुणाला' मागं राहिलंय. तुझ्या निष्कर्षांची गरज कुणाकुणाला आहे ते बघ. एक तर त्या बायकांना स्वतःला. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना. योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांना. पोषण या विषयात काम करणाऱ्या संशोधकांना. आणि तुझ्या विद्यापीठाला, त्यांना तर छापलेल्या पेपरची प्रतच हवी असते. या सगळ्यांना एकच इंग्रजी पेपर पुरेल असं तुला वाटत असेल तर तो नाद आत्ताच सोड. कणीक एकच असते गं, पण आजोबांना फुलका लागतो आणि डब्याला पराठा.

त्यातही एक गोष्ट कुठल्याच जर्नलसाठी थांबू शकत नाही. जिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं, किंवा गरोदर असताना सातच्या खाली, तो तीव्र रक्तक्षय. तिला ते तपासणीच्या दिवशीच कळायला हवं आणि केंद्राकडे चिठ्ठीही त्याच दिवशी जायला हवी. तू ते केलं असशीलच, मला खात्री आहे. तरी वही काढून एकदा नावं पडताळ. पेपरात सरासरी छापायला वर्ष लागलं तरी चालेल, हे नाही चालणार.

आता डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचंच घे. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. तो समज मोडायचा तर जगभरच्या डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पडणारं जर्नलच हवं होतं. पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोगही १९९९ मध्ये तिथंच छापून आला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि हे काम केलं होतं गावातल्या शिकवून तयार केलेल्या बायकांनी. पण महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचे सरकारी आकडे किती अपुरे आहेत हे दाखवायची वेळ आली, तेव्हा २००१ मध्ये त्यांनी आणि सोबतच्या संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीत काढला. कारण तिथं हलायला हवं होतं ते मुंबईतलं सरकार आणि इथली वर्तमानपत्रं. आणि गडचिरोलीच्या बायका स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलतात, काय मानतात, हे राणीताईंच्या 'कानोसा' या मराठी पुस्तकात आलं. काम एकच, पण ऐकणारं बदललं तसं सांगण्याचं ठिकाण बदललं.

उलटं उदाहरणही आपल्याच माणसाचं आहे. गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी. जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र १९४४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आलं. आनुवंशशास्त्राचे लोक ते नियतकालिक वाचायचे, म्हणून सूत्र त्यांच्या हाती पडलं. आजही पिकांचे जनुकीय नकाशे करणारे 'कोसंबी फंक्शन' वापरतात. याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमान हायपॉथेसिस या गणितातल्या महाकठीण प्रश्नाबद्दलचा आपला दावा छापला कुठं, तर भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या जर्नलमध्ये! तो दावा टिकला नाही हे खरंच, पण बघ ना, शेतीच्या आकडेवारीच्या जर्नलात तो प्रश्न जाणणारा कोण त्याला वेळेवर अडवणार होता? इतका मोठा माणूस, आणि हसं झालं. परीक्षण करणारे विषयातले असावेत हा जर्नल निवडण्याचा नुसता नियम नाही गं, ते तुझंच संरक्षण आहे.

तर आता त्या दोन लिंका. एकीनं तुला 'रिस्पेक्टेड प्रोफेसर' म्हणून पत्र पाठवलंय, तीन दिवसांत परीक्षण करून देते म्हणते, आणि तिच्या विषयांच्या यादीत वाणिज्य, योग, अभियांत्रिकी, नर्सिंग आणि संस्कृत साहित्य शेजारी शेजारी बसलेत. एवढ्या विषयांचे परीक्षक तीन दिवसांत कुठून आणणार ती? दुसरीनं आयएसएसएन क्रमांक पदकासारखा मिरवलाय. तो नुसता नोंदणीचा नंबर असतो बाई, त्यातून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही कुठल्या तरी तिसऱ्याच एजन्सीचा आहे. हा आकडा दरवर्षी क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. दुसऱ्या कुणी दिला असेल तर सरळ मागं फीर.

तू म्हणशील, ताई सगळ्यांकडे संशयानंच बघते. मग हे ऐक. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. निम्म्याहून जास्त! 'सायन्स' या साप्ताहिकात ही सगळी हकिकत छापून आली. आपल्याकडेही यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली होती. पुढे २०१९ मध्ये त्यांचीच केअर ही नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता निकष तेवढे सुचवलेत, पारखायचं विद्यापीठानं आणि तू. वैतागू नकोस. अख्खी यादी पाठ करण्यापेक्षा एक जर्नल नीट बघणं सोपं असतं.

कसं बघायचं म्हणतेस? तुझ्या प्रबंधाची संदर्भसूची उघड. ज्यांचे लेख तू परत परत उद्धृत केलेस ते कुठं छापलेत? तुझे वाचक तिथंच बसलेत. मग त्या जर्नलचे अलीकडचे दोन-तीन अंक खरंच वाच, नुसते चाळू नकोस. तुझ्यासारखा क्षेत्रीय अभ्यास ते छापतात का? नमुन्याचा आकार साधारण किती असतो? जर्नल 'आम्ही स्कोपस या सूचीत आहोत' म्हणत असेल तर त्याच्या शब्दावर जाऊ नकोस, स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोध, ती फुकट बघता येते. खुलं जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेत आहे का बघ. संपादक मंडळातलं एखादं नाव घे आणि त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावर या संपादकपदाचा उल्लेख आहे का ते तपास. कित्येकांना आपण त्या मंडळात आहोत हेच ठाऊक नसतं! आणि चांगल्या जर्नलच्या नावानं हुबेहूब खोटी वेबसाइट काढणारेही आहेत, म्हणून पत्रातल्या लिंकवरून कधी जाऊ नकोस.

पैशांचं बोलायला तू संकोचतेस, म्हणून मीच बोलते. फी मागणारं प्रत्येक जर्नल भुरटं नसतं. चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नलंसुद्धा फी घेतात, काही तर एका पेपरला लाख-दोन लाख रुपये. तुझ्या फेलोशिपमधून ते शक्य नाही, आणि त्यासाठी आईच्या बांगड्यांकडे बघायचंही कारण नाही. वर्गणीवर चालणारी बरीच जर्नलं लेखकाकडून काहीच घेत नाहीत. मुंबईचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' घेत नाही, आणि तुझ्या विषयात स्थलांतर आहे, मजुरी आहे, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे, तेव्हा तिथं विचार करायला हरकत नाही. संशोधनातल्या नैतिकतेची बाजू स्वतंत्र लिहायची असेल तर 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'ही मुंबईचंच. वाचायलाही फुकट, लिहायलाही फुकट. काही प्रकाशक सवलत देतात, त्यांना साधं पत्र लिहायचं. नाही म्हणाले तर म्हणाले. आणि फीबद्दल सगळं पेपर पाठवण्याआधी विचारायचं, स्वीकारल्यावर नाही.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हे तुला माहीत आहे. तरी घाईघाईत दोन ठिकाणी पाठवणाऱ्या भरपूर पाहिल्यात मी, म्हणून पुन्हा सांगते. परीक्षणाला महिनोन्‌महिने जातात. म्हणून प्रबंध द्यायच्या तारखेपासून मागं मोजत ये. आणि बघ, २०२२ च्या नियमावलीत यूजीसीनं प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट काढली आहे. पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, तेव्हा तुमचं परिपत्रक तू स्वतः वाच. कँटीनमध्ये ऐकलेल्या नियमावर कधी विसंबू नकोस.

परीक्षण व्हायच्या आधीच लेख खुला ठेवायचा असेल तर आरोग्याच्या विषयांसाठी मेडआर्काइव्ह आहे, २०१९ पासून. तुझ्या कामाला मी ते आत्ता सुचवणार नाही. आकड्यांवर कुणी बारीक नजर टाकायच्या आत ते बातमीत गेले तर निस्तरायचं तुलाच. परिषदेला मात्र जरूर जा. पोस्टर कर, पण माझ्यासारखं नको. मी पहिल्या पोस्टरवर अख्खा प्रबंध बसवला होता. समोर थांबले ते एकच गृहस्थ, आणि त्यांना चहा कुठं मिळतो ते विचारायचं होतं.

गाईड मॅडमचं काय, तेही सांगते. त्यांना त्यांच्या ओळखीच्या जर्नलमध्ये पेपर द्यायचाय आणि तुला ते पटत नाहीये, असंच ना? वाद घालू नकोस, कागद ने. डाव्या बाजूला त्यांचं जर्नल, उजव्या बाजूला तुझं, आणि खाली विषय जुळतो का, वाचक कोण, फी किती, परीक्षणाला किती वेळ, कुठं नोंदलेलं आहे, एवढंच. मॅडम अनुभवी आहेत, कागद बघून बोलतील. कदाचित त्यांचंच बरोबर निघेल, आणि तसं निघालं तर मनापासून मान्य कर. मात्र लेखक म्हणून कुणाची नावं, कुठल्या क्रमानं, हे पहिला मसुदा लिहायच्या आधी बोलून घे. नंतर ते बोलणं फार जड जातं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते, जर्नलाबाहेर सांगण्याकडे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नलं वाचायला मिळतात. फार चांगलं झालं. पण तुझ्या तालुक्यातल्या आशाताईच्या मोबाइलवर त्यातलं काय उघडणार? आणि उघडलं तरी इंग्रजीतली 'लॉजिस्टिक रिग्रेशन'चे तक्ते तिच्या कामाचे नाहीत. तिला एक पान हवंय, मराठीत, मोठ्या अक्षरात. किती बायका तपासल्या, कितींमध्ये रक्त कमी निघालं, गोळ्या नेमक्या कुठल्या महिन्यांत बंद पडतात, आणि त्यावर केंद्र काय करू शकतं. तुझ्या माहितीत खरी फट तिथंच दिसतेय ना? बाई दिवाळीच्या आसपास गाव सोडते, तिचं नाव इथल्या उपकेंद्राच्या रजिस्टरात राहतं आणि ती असते दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. मग गोळ्या तिला द्यायच्या कुणी? हे वाक्य तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकीत बोललं गेलं तर पेपराआधी काहीतरी हलेल. सोबत राज्याचा आकडाही दे, म्हणजे तुलना होईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

गावात सांगायचं तर टोळ्या निघायच्या आधी सांग. दसरा उलटला की मुकादमाची गाडी दारात येते, मग कुणाला वेळ नसतो. प्रोजेक्टर नेऊ नकोस. संध्याकाळी, भाकऱ्या उरकल्यावर, देवळाच्या ओट्यावर बस आणि बोल. 'तुम्ही मला जे सांगितलंत त्यातून हे निघालं, बरोबर आहे का?' असं विचार. कुणीतरी म्हणेलच, 'आम्हाला ठाऊकच होतं की, आता करायचं काय ते सांगा.' या प्रश्नाची तयारी करून जा. नुसतं 'पालेभाज्या खा' म्हणून येऊ नकोस. पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या बाईला पालेभाजी कुठून मिळेल, याचं उत्तर तुझ्याच वहीत आहे. आणि हेही विचार, की यातलं काय छापू नये असं त्यांना वाटतं.

कारण छापण्यात धोका आहे गं. 'ऊसतोड बायका अशक्त' असा मथळा आला आणि एखाद्या मुकादमानं त्यावरून उचल कमी केली, किंवा नवरा-बायकोच्या जोडीला कामावर घ्यायलाच नकार दिला, तर? म्हणून वर्तमानपत्राकडे जाताना आकड्याच्या जोडीला कारण ने. गोळ्या पोचत नाहीत, आराम मिळत नाही, दवाखाना लांब आहे. म्हणजे बोट व्यवस्थेकडे जाईल. बातमीदाराला एका पानाचं टिपण लिहून दे आणि फोनवर सांगितलेली वाक्यं एकदा वाचून दाखवायला सांग. सगळे ऐकतात असं नाही, पण विचारायला लाजू नकोस. सविस्तर लिहायचं असेल तर 'मिळून साऱ्याजणी' आहे, 'साधना' आहे. तिथं तुला दोन हजार शब्दांत त्या बायकांचा अख्खा दिवस मांडता येईल, पेपरात ती जागाच नसते. फक्त पेपर आधी आणि लेख नंतर, की उलटं, हे जर्नलचे नियम वाचून ठरव. काही जर्नलं छापायच्या आधी निष्कर्ष माध्यमांत गेलेले चालवून घेत नाहीत. एका पानाचं टिपण अधिकाऱ्यांना देणं आणि गावात सांगणं सहसा त्यात अडत नाही, तरी संपादकांना एका ओळीचं मेल टाकून विचारून घे.

प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संग्रहावर जाईल आणि कुणालाही वाचता येईल, हे आत्ताच लक्षात ठेव. नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं होत नाही. 'चार मुली असलेली, नवरा गेलेली, शिलाई करणारी, वय ३४' एवढं लिहिलंस की चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीत पोरंसुद्धा सांगतील ती कोण. दोन तपशील बदल, एक गाळ, आणि गावाऐवजी नुसता जिल्हा लिही. मूळ आकडे कुठं खुले ठेवणार असशील तर त्यातून गावाचं आणि कारखान्याचं नाव काढ.

आभारात आशाताईंचं पूर्ण नाव घालायचंय म्हणालीस. तुझी भावना पोचली, पण त्यांच्या नावावरून गाव उघड होतं आणि गावावरून त्या बायका. म्हणून पेपरात 'स्थानिक आशा कार्यकर्त्या' एवढंच लिही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र वेगळं पत्र दे, आशाताईंच्या नावानं, त्यांनी कुठल्या महिन्यांत काय काम केलं त्याच्या तपशिलासह, आणि त्याची एक प्रत ताईंच्या हातात ठेव. विद्यापीठाच्या लेटरहेडवर मिळालं तर उत्तम. मॅडमची सही घ्यायची राहू देऊ नकोस.